गहाणाचे घर आणि हिल्लेलचा तोडगा

घर किंवा जमीन तारण घेऊन खासगी कर्ज देणे हा व्यवहार बँकांपेक्षा फार जुना आहे. आपल्या तोरात, तसेच आपण जिथून आलो त्या महाराष्ट्राच्या इतिहासातही, त्याबाबत एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो : अडचणीत सापडलेल्या माणसाला आपले घर परत मिळवण्याची वाट उघडी राहते का?

व्याजाची बंदी शमोत, वयिक्रा आणि देवारीम या तिन्ही ग्रंथांत आहे. वयिक्राच्या २५व्या अध्यायात मालमत्तेचेही नियम आहेत. गरजेपोटी विकलेले शेत योवेलच्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जाई. तटबंदीच्या शहरातले घर विकले, तर मात्र ते सोडवून घ्यायला एकच वर्ष मिळे. वर्ष उलटले की घर कायमचे गेले. वर्षाच्या आत सोडवले, तर खरेदीदार तोवर त्यात राहिला तरी त्याला पूर्ण रक्कम परत मिळे. हे व्याजासारखे दिसते, पण व्याज नव्हे, असे मिश्नात म्हटले आहे.

पुढे यात लबाडी शिरली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी खरेदीदार लपून बसू लागला. घरमालकाच्या हातात पैसे तयार, पण घेणारा माणूसच सापडत नाही! दुसऱ्या बेथ हामिकदाशच्या काळात हिल्लेल यांनी त्यावर तोडगा काढला. मालकाने पैसे बेथ हामिकदाशमधील दालनात जमा करावेत आणि दार तोडून आपल्या घरात शिरावे. खरेदीदाराने हवे तेव्हा येऊन पैसे न्यावेत.

व्यापार वाढला तसे भांडवल लागू लागले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोलंडमध्ये 'हेतेर इस्का' हा करार रूढ झाला. क्राकोव्हचे रब्बी मेंडल यांच्या नावाने त्याचा मसुदा ओळखला जातो. त्यानुसार पैसे देणारा नुसता सावकार राहत नाही, तर धंद्यातला भागीदार होतो. त्याला नफ्यात वाटा मिळतो, आणि तोटा सिद्ध झाला तर तोही सोसावा लागतो. इस्राएलमधील बँका आजही हेतेर इस्का करून ठेवतात.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्या तेली वाडवडिलांच्या कोकणातून घाट चढून गेले की पुणे जिल्हा लागतो. तेथील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांवर उठले. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. रोखे, गहाणखते, हुकूमनामे हाती लागले की ते जाळले जात. कापसाचे चढे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, आणि कोर्ट कागदावर लिहिलेले तेवढेच खरे मानत होते. म्हणून १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही बंद झाले.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. आपल्या वयाच्या माणसांकडे कोणी तरी येते आणि म्हणते, "तुमची शिल्लक घरे घेण्या-विकण्याच्या व्यवहारात द्या, बँकेपेक्षा जास्त मिळेल." अशा वेळी आपण सावकाराच्या जागी असतो, पण फसण्याची पाळी आपलीच असते. म्हणून आधी विचारावे : तारणाची नोंद टाबूत होणार आहे का? त्या घरावर आधीचे मश्कांता आहे का? तोटा झाला तर तो कोणाचा, हे कागदावर लिहिले आहे का? कागद आपल्या वकिलाला दाखवावा, त्यांच्या नव्हे.

आणि नात्यातल्या कोणाला घर तारण ठेवून पैसे दिलेच, तर परतफेडीच्या दिवशी आपण दार उघडे ठेवावे. हिल्लेलनी त्यासाठीच एवढी खटपट केली होती.