रेड वाइन आंबली म्हणून फेकताय? घरच्या घरी व्हिनेगर कसं बनतं आणि ते कुठे वापरू नये

सांगली म्हटलं की आधी हळद आठवते, मग द्राक्षं आणि बेदाणा. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात बागाच बागा आहेत. 'सांगली बेदाणा'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्याही आधी, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि वाइन पार्कसाठी दोन जागा निवडल्या. एक नाशिक जिल्ह्यातलं विंचूर आणि दुसरी सांगली जिल्ह्यातलं पलूस.

म्हणजे द्राक्षाचा बेदाणा झाला, द्राक्षाची वाइनही झाली. पण याच द्राक्षाचं आणखी एक रूप आहे, ज्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ते म्हणजे रेड वाइन व्हिनेगर.

एखाद्या रेसिपीसाठी आणलेली रेड वाइनची बाटली अर्धी उरते, महिनाभराने उघडली तर आंबट वास येतो आणि ती थेट बेसिनमध्ये जाते. खरं तर ती वाइन व्हिनेगर होण्याच्या वाटेवर असते. हे व्हिनेगर घरी नीट कसं बनवायचं, सांगली-साताऱ्याच्या हवेत काय सांभाळायचं आणि ते कुठे अजिबात वापरायचं नाही, हे समजून घेऊ.

व्हिनेगर म्हणजे नेमकं काय?

व्हिनेगर हा शब्द फ्रेंचमधून आला. 'व्हँ' म्हणजे वाइन आणि 'एग्र' म्हणजे आंबट. थोडक्यात, आंबट झालेली वाइन. आपल्याकडे त्याला सिरका असंही म्हणतात.

ही प्रक्रिया दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात यीस्ट द्राक्षातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. दुसऱ्या टप्प्यात अॅसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतला ऑक्सिजन वापरून त्या अल्कोहोलचं अॅसिटिक आम्ल करतात. हे काम जिवंत सूक्ष्मजीव करतात, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. वाइन बनताना हवा नको असते, व्हिनेगर बनताना मात्र हवा हवीच. बूच घट्ट लावलेल्या बाटलीत व्हिनेगर जवळपास होतच नाही, ते यामुळेच.

बाजारातली पांढरी बाटली तीच का?

नाही. चायनीजच्या गाडीवर दिसणाऱ्या स्वस्त पांढऱ्या बाटलीचं लेबल एकदा वाचून बघा. पाण्यात अॅसिटिक आम्ल मिसळून केलेलं असेल, तर त्यावर 'सिंथेटिक' असं छापणं बंधनकारक आहे. आंबवून केलेल्या व्हिनेगरला 'ब्रूड व्हिनेगर' म्हणतात. भारतीय अन्न मानकांनुसार त्यात किमान ३.७५ टक्के अॅसिटिक आम्ल असावं लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरच्या द्राक्षांपासून थेट बनवलं तर?

बागेत द्राक्षं आहेत, पावसाने मणी तडकलेत, व्यापारी घेत नाही. मग त्यांचंच व्हिनेगर का करू नये? प्रश्न रास्त आहे, पण दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण कायद्याची. व्हिनेगरच्या आधी अल्कोहोलचा टप्पा येतोच. म्हणजे द्राक्षाचा रस आंबवताना मध्ये वाइन तयार होते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मादक पेय बनवणं गुन्हा आहे. 'घरापुरतंच केलं' या सबबीवर त्यातून सुटका होत नाही.

दुसरी अडचण द्राक्षाची. सांगलीच्या बागांमध्ये थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन अशा हिरव्या, बिनबियांच्या, खायच्या जातींचा भर आहे. लाल रंग येतो तो सालीतून. त्यासाठी काळ्या जाती लागतात आणि वाइनसाठी कॅबरने सोव्हिन्यो, शिराझ अशा लहान मण्यांच्या वेगळ्या जाती लावतात. हिरव्या द्राक्षांचं व्हिनेगर होईल, पण ते रेड वाइन व्हिनेगर नसेल.

म्हणून घरासाठी सरळ मार्ग एकच: रीतसर विकत घेतलेली, उरलेली रेड वाइन.

काय काय लागेल?

- रेड वाइन: ३७५ मिली, म्हणजे ७५० मिलीची अर्धी बाटली
- उकळून गार केलेलं पाणी: २५० मिली
- जिवंत व्हिनेगर: १५० मिली
- रुंद तोंडाची काचेची बरणी
- मलमलचं धुतलेलं फडकं आणि रबरबँड

जिवंत व्हिनेगर म्हणजे काय? दही लावायला विरजण लागतं, तसंच इथेही लागतं. बाजारात 'विथ मदर' असं लिहिलेलं, न गाळलेलं अॅपल सायडर व्हिनेगर मिळतं. तळाशी गढूळ तंतू दिसतात, तेच हे विरजण. सफरचंदाचं असलं तरी चालतं, कारण जिवाणू त्याच कुळातले असतात. सिंथेटिक व्हिनेगर मात्र विरजण म्हणून चालणार नाही. त्यात जिवंत काहीच नसतं.

पाणी का घालायचं? रेड वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. एवढ्या तीव्रतेत हे जिवाणू नीट वाढत नाहीत. वरच्या प्रमाणात अल्कोहोल ६ टक्क्यांच्या आसपास येतं आणि काम सुरळीत सुरू होतं.

भांड्याबाबत आजीचा नियम इथेही लागू होतो. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं, तसंच व्हिनेगरही कळकतं. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम, लोखंड यांतलं काहीही नको. काच सगळ्यात बरी.

कृती: पाच पायऱ्या

१. बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा.

२. वाइन उंचावरून धार धरून बरणीत ओता आणि तासभर उघडी ठेवा. वाइन टिकण्यासाठी त्यात सल्फाइट घातलेलं असतं. लेबलवर २२० किंवा २२४ असे क्रमांक दिसतात. ते जिवाणूंना रोखतं. हवा लागली आणि पाणी मिसळलं की त्याचा जोर कमी होतो.

३. पाणी आणि जिवंत व्हिनेगर घालून ढवळा. बरणी साधारण दोन तृतीयांशच भरा. वर हवा खेळायला जागा हवी.

४. तोंडावर दुहेरी फडकं बांधा. झाकण लावू नका. फडकं सैल राहिलं तर चिलटं आत जातात आणि अंडी घालतात.

५. बरणी अंधाऱ्या, उबदार फडताळात ठेवा आणि रोज हलवू नका. एक-दोन आठवड्यांत वर दुधावरच्या सायीसारखा पातळ थर येतो. हीच व्हिनेगरची 'मदर'. ती मोडली तर तळाशी बसते आणि नवी यायला वेळ लागतो.

सहा ते आठ आठवड्यांनी चव बघा. वाइनचा वास गेला आणि स्वच्छ, झणझणीत आंबटपणा आला, की व्हिनेगर तयार. मग ते गाळून बाटलीत गळ्यापर्यंत भरा आणि बूच घट्ट लावा. उघडंच ठेवलं तर अल्कोहोल संपल्यावर हे जिवाणू तयार झालेलं आम्लच खाऊ लागतात आणि व्हिनेगर पुन्हा पाणचट होतं. वरची मदर थोड्या व्हिनेगरसह काढून ठेवा, पुढच्या खेपेला विरजण म्हणून उपयोगी येईल.

सांगलीत वेगळं, महाबळेश्वरात वेगळं

या जिवाणूंना २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. सांगली-मिरजेत, तसंच साताऱ्याच्या माण, खटाव, फलटण भागात हिवाळ्याच्या शेवटी हे तापमान आपोआप मिळतं. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारचा पारा चाळिशीकडे जातो. तेव्हा पत्र्याच्या खोलीत बरणी ठेवली, तर जिवाणू थकतात आणि अल्कोहोल उडून जातं. अल्कोहोल उडालं म्हणजे तेवढं आम्ल कमी झालं. अशा वेळी बरणी घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवावी.

महाबळेश्वर-पाचगणीत अडचण उलटी आहे. हिवाळ्यात गारव्यामुळे हेच काम तीन-चार महिने रेंगाळू शकतं. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की फडक्यालाच बुरशी धरते. तिथे पावसाळ्यात नवी बरणी न लावलेलीच बरी.

बिघडलं हे कसं ओळखायचं?

- पांढरट, गुळगुळीत, सलग थर: मदर आहे, काळजी नको.
- पातळ, सुरकुतलेला, पावडरीसारखा पांढरा थर: हे यीस्ट असू शकतं. सहसा अपाय करत नाही, पण चव बिघडवतं. काढून टाका आणि लक्ष ठेवा.
- हिरवी, काळी किंवा केसाळ वाढ: बुरशी. वरची काढून खालचं वापरायचं नाही, सगळं फेकून द्या.
- नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास: हवा कमी पडतेय. मोठ्या तोंडाच्या बरणीत ओतून काही दिवस थांबा. वास गेला नाही तर फेका.

लोणच्यात का घालायचं नाही?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. घरचं व्हिनेगर जिभेला कितीही आंबट लागलं, तरी त्यात नेमकं किती टक्के आम्ल आहे हे चवीवरून कळत नाही. पीएच पट्टीवरूनही कळत नाही. पट्टी पदार्थ आम्लधर्मी आहे एवढं सांगते, अॅसिटिक आम्लाचं प्रमाण सांगत नाही.

व्हिनेगरमध्ये भाज्या महिनोन्‌महिने टिकवायच्या असतील, तर पाककृतींमध्ये साधारण ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर धरलेलं असतं. आम्ल कमी पडलं तर बंद बरणीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो. त्याचं विष जीवघेणं असतं आणि त्याला वास किंवा चव असेलच असं नाही. आपलं कैरीचं लोणचं टिकतं ते भरपूर मीठ, तेल आणि कैरीच्या स्वतःच्या आंबटपणामुळे. व्हिनेगरच्या लोणच्याची सगळी भिस्त मात्र आम्लावर असते.

आम्लता मोजता येते का? येते. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतं तेच टायट्रेशन. १ मिली व्हिनेगर पाण्याने भरपूर पातळ करायचं, म्हणजे लाल रंग आड येत नाही. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं. गुलाबी रंग टिकला की थांबायचं. लागलेला प्रत्येक मिली म्हणजे ०.६ टक्के आम्ल. ६.७ मिली लागलं तर सुमारे ४ टक्के, ८.३ मिली लागलं तर सुमारे ५ टक्के. सोडियम हायड्रॉक्साइड त्वचा आणि डोळे भाजतं, त्यामुळे हे घरच्या ओट्यावर न करता प्रयोगशाळेत शिक्षकांसमोरच करावं.

मोजलेलं नसेल, तर नियम साधा आहे: चवीसाठी वापरा, टिकवण्यासाठी नको.

मग वापरायचं कुठे?

- कांदा: दोन कांदे उभे पातळ चिरा. तीन चमचे व्हिनेगर, मीठ आणि चिमूटभर साखर घालून अर्धा तास ठेवा. छान गुलाबी होतो. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.
- कोशिंबीर: बीट, काकडी किंवा कोबीवर लिंबाऐवजी. एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग शेंगदाणा तेल हे प्रमाण जमतं.
- मटण: मॅरिनेट करताना अर्ध्या किलोला दोन चमचे. रात्रभर ठेवायचं तर फ्रीजमध्येच.
- स्ट्रॉबेरी: महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर थोडी साखर आणि अर्धा चमचा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा. गोडी आणखी खुलते.
- विंदालू: गोव्याच्या या पदार्थाचा बटाट्याशी संबंध नाही. पोर्तुगीज नावात आहेत वाइन आणि लसूण. गोव्यात वाइनच्या जागी नारळाच्या माडीपासून केलेलं व्हिनेगर रुळलं. रेड वाइन व्हिनेगर घातलं तर चव मूळ पोर्तुगीज पदार्थाकडे झुकते.

दूध किंवा साय असलेल्या रश्शात घालू नका, फाटेल.

वजन आणि शुगर कमी होते का?

रील्समध्ये दावे मोठे असतात, पुरावा तेवढा मोठा नाही. जेवणासोबत व्हिनेगर घेतल्यावर जेवणानंतरची साखर थोडी कमी वाढते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण ते औषधाला पर्याय नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन सुरू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि व्हिनेगर कधीही नुसतं पिऊ नका. दातांचं इनॅमल झिजतं, घसा आणि अन्ननलिका भाजू शकते.

आणखी एक गोष्ट. घरच्या व्हिनेगरमध्ये थोडं अल्कोहोल शिल्लक राहू शकतं. जे अल्कोहोल पूर्ण टाळतात, त्यांना वाढण्यापूर्वी हे सांगायला हवं. आणि चार बाटल्या जमल्या म्हणून विकायला काढायचा विचार असेल, तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो.

थोडक्यात

वाइन विकतची घ्या, पाणी घालून पातळ करा, जिवंत व्हिनेगरचं विरजण लावा, फडकं बांधा आणि दोन महिने धीर धरा. कांद्यावर, कोशिंबिरीत बिनधास्त वापरा. वर्षभराच्या बरणीत घालायचं असेल, तर आधी आम्लता मोजा.