रक्तातला जंतू: भायखळा ते गडचिरोली

१८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लशीचे काम हाती घेतले. मेलेल्या जंतूंची लस त्यांनी आधी सशांना टोचली आणि मग त्याच सशांच्या अंगात जिवंत जंतू सोडले. ससे तगले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जंतू रक्तात भिनला की रोगी सहसा हाती लागत नसे, त्या काळात त्या सशांचे मोल फार मोठे होते.

पण प्राण्यांची साक्ष दरवेळी खरी ठरत नाही. उंदीर काही जंतुविषे माणसापेक्षा कितीतरी जास्त सोसतो. अशा विषावर उतारा म्हणून आलेले सेंटॉक्सिन प्राण्यांत गुणकारी ठरले होते. माणसांत त्याने निराशा केली आणि १९९३ साली ते मागे घ्यावे लागले.

त्याच वर्षी गडचिरोलीत प्रयोगशाळेबाहेरचा, वेगळाच अभ्यास सुरू झाला.

१९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जंगलजिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था उभारली. इथली नवजात बाळे दगावत त्याचे एक मोठे कारण होते जंतुदोष. आईची प्रतिपिंडे बाळाला मुख्यतः गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत मिळतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी अपुरी राहते. औषध नव्हते असे नाही. जेंटामायसिन १९६३ पासून माहीत होते. पण ते द्यायचे तर डॉक्टर हवा, दवाखाना हवा, रक्ततपासणी हवी. ओली बाळंतीण जंगलवाटेने तिथवर पोचणार कशी?

म्हणून ३९ गावांत गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाने दूध ओढणे थांबवले का, रडणे क्षीण झाले का, हातपाय ढिले पडले का, हे त्या घरी जाऊन पाहत. जंतुदोष दिसला की आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि पोटात घ्यायचे कोट्रायमॉक्साझोल देत. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणे अनेक तज्ज्ञांना धोक्याचे वाटे. निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली आले: जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले होते. कोणत्याही प्रयोगशाळेतल्या उंदराने हे उत्तर दिले नसते, कारण प्रश्न जंतूचा जेवढा होता तेवढाच अंतराचाही होता.

याच धर्तीवर २०११ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात देशभरच्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळांना तपासायला घरोघरी जाऊ लागल्या.