जॉबरची वही

हिंगणघाटचा कापूस एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानेच विकला जात असे. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, 1877 च्या 1 जानेवारीला नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुढे आमच्या वर्धा जिल्ह्यातही, हिंगणघाटला नि पुलगावला, गिरण्यांची धुराडी उभी राहिली. गिरण्यांचा इतिहास लिहिणारे चात्या किती, माग किती, भांडवल किती हे सांगतात. भोंगा वाजल्यावर फाटकाबाहेरच्या गर्दीतून आत कोणाला घ्यायचे हे कोण ठरवीत असे, याविषयी मात्र ते फारसे बोलत नाहीत. मला ते सांगायचे आहे.

ठरविणारा असे जॉबर. साहेबाला कामगारांची भाषा येत नसे आणि मालकाला त्यांची तोंडे ओळखीची नसत. तेव्हा माणसे आणणे, त्यांना कामावर लावणे, रजा देणे, काढून टाकणे हा सारा व्याप त्याने जॉबरवर सोपविला. मुंबईत बायकांच्या खात्यावर जी बाई हेच काम करी तिला नायकीण म्हणत. मालकाच्या डोक्यावरचा भार असा उतरला खरा, पण तो दस्तुरीच्या रूपाने कामगाराच्या पाठीवर जाऊन बसला. नोकरी लागताना पैसे द्यायचे, बदलीचा दिवस मिळाला की पैसे द्यायचे, आणि जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा असेल तर थोडे कमी द्यायचे! जॉबरची खरी वही त्याच्या डोक्यात असे, आणि तीत माणसाच्या हातातल्या कसबापेक्षा त्याचे गणगोत ठळक अक्षरांत लिहिलेले असे. तरीही त्याला निव्वळ खलपुरुष ठरवावे असे मला वाटत नाही. अडल्यानडल्याला उसने देणारा, खोली पाहून देणारा, पोलिसांत शब्द टाकणारा तोच असे. अन्याय करणाऱ्याचे नाव नि घर माहीत असणे हीही एक सोय होती.

1929 साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने 1931 मध्ये अहवाल दिला. कामगार नेमण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मुंबईच्या गिरणीमालकांनी 1935 साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीवर यायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. कागदाचा तो चिटोरा जॉबरच्या लहरीविरुद्ध उभा राहिलेला पहिला साक्षीदार म्हटला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात हेच काम सरकारी देखरेखीखाली मोठ्या प्रमाणावर झाले. आमचा विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात असल्यामुळे ते वारे इकडे आले नाही.

इकडे आले ते 'एम्प्लॉयमेंट'. महायुद्ध संपत आल्यावर सुटून येणाऱ्या शिपायांना काम मिळावे म्हणून 1945 साली ही कचेरी निघाली. 1948 मध्ये ती सर्वांना खुली झाली. 1956 च्या 1 नोव्हेंबरला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, त्याच दिवशी या कचेऱ्यांचा कारभारही राज्यांकडे आला. रिकाम्या जागा कचेरीला कळविणे बंधनकारक करणारा 1959 चा कायदा अमलात आला तो 1960 च्या 1 मे रोजी, म्हणजे महाराष्ट्राच्या जन्मदिवशीच! कचेरीत प्रत्येक धंद्याला एक आकडा असे. टंकलेखकाचा एक, सुताराचा दुसरा. मागणी आली की कारकुनाने त्या आकड्याचा खण उघडायचा आणि जुन्या नोंदीपासून कार्डे काढायची. माणसाचा आकडा झाला म्हणून कित्येकांनी नाके मुरडली आहेत. मला मात्र वाटते, ज्याच्या मागे कोणी नाही त्याला हा आकडाच जॉबरपेक्षा आपला वाटला असेल.

तिकडे अमेरिकेत कार्डाला भोके पाडून ती यंत्राने मोजण्याची युक्ती हर्मन होलेरिथने 1890 च्या शिरगणतीत यशस्वी केली होती. रेल्वेतला कंडक्टर उतारूचे वर्णन तिकिटाला भोके पाडून नोंदवी, त्यावरून त्याला ती सुचली. पुढे संगणक आला, आणि भोके जाऊन चुंबकीय फिती आल्या.

संगणकाला आपल्या कचेऱ्यांत मोठे काम मिळण्यामागे एक न्यायनिवाडाही आहे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, केवळ एम्प्लॉयमेंटने पाठविलेल्या नावांतून निवड करणे पुरेसे नाही, जाहिरात देऊन सर्वांना संधी दिली पाहिजे. निर्णय न्यायाचाच होता. पण खणातली पन्नास कार्डे होती तिथे आता अर्जांचे पोते आले. पुढे अर्ज घरबसल्या करता येऊ लागले, तेव्हा पोत्याचा डोंगर झाला. 2019 च्या रेल्वेच्या एका भरतीत सुमारे 35 हजार जागांसाठी सव्वा कोटीच्या घरात अर्ज आले. अर्ज घेणे यंत्राने सोपे केले म्हणून ते वाढले, आणि वाढले म्हणून चाळायला पुन्हा यंत्र हवे झाले.

वर्ध्यात राहणाऱ्याला इथे गांधीजींची आठवण होणारच. ते यंत्रमात्राचे वैरी होते अशी समजूत आहे; पण 1924 साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते केले, म्हणून. यंत्र कोणाचे श्रम वाचविण्यासाठी निघाले आहे, हा त्यांचा प्रश्न होता. भरतीच्या यंत्राने निवडणाऱ्या कचेरीचे श्रम वाचले यात शंका नाही. पण अर्ज टंकायचा, फोटो ठराविक मापात बसवायचा, सही चढवायची, फी भरायची, हे सारे कारकुनी काम उमेदवाराकडे आले. माझ्या शाळेतून गेलेली पोरे ई-सेवा केंद्राच्या बाकावर रात्रीपर्यंत तेच करताना दिसतात.

आणि यंत्र निःपक्षपाती असते हेही तपासून घेतले पाहिजे. अमेझॉन या अमेरिकन कंपनीने 2014 पासून अर्ज चाळणारे एक यंत्र घडविण्याचा प्रयत्न केला. त्याला मागच्या दहा वर्षांचे अर्ज शिकविले. त्यांत पुरुषच फार, तेव्हा यंत्र बायकांच्या अर्जांना खाली ढकलू लागले. कंपनीने तो नाद सोडला, आणि 2018 साली ही हकीकत बाहेर आली. जॉबरची वही कोणी यंत्राला पाठ करून दिली तर दुसरे काय व्हायचे!

आपल्याकडे 2017 साली निघालेले महापरीक्षा पोर्टल तक्रारींच्या भाराखाली 2020 मध्ये बंद करावे लागले. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांवर जागा आणि दहा लाखांवर अर्ज. एवढ्यांना एका वेळी बसवायला संगणक कुठून आणणार? म्हणून परीक्षा गिरणीसारखी पाळ्यांत झाली. प्रत्येक पाळीला वेगळी प्रश्नपत्रिका, तेव्हा सोप्या नि अवघड पाळ्यांचे गुण गणिताने समान पातळीवर आणले. निकाल लागला तो 200 गुणांच्या परीक्षेत एकाला 214 मिळालेले! गणित जाणणारे म्हणाले, असे होऊ शकते. ज्यांची संधी हुकली ती पोरे कोणाला विचारायचे ते शोधत होती, आणि जॉबरला जसे घर होते तसे त्या सूत्राला नव्हते.