नानकटाई

नानकटाई : मैदा, तूप आणि पिठीसाखर पाण्याशिवाय मळून, गोळे वळून भट्टीत भाजलेले खुसखुशीत गोड बिस्किट. आकाराने गोल, मध्ये फुगीर, वरच्या बाजूस तडे गेलेले. वर बहुधा चारोळी, पिस्त्याचा काप किंवा जायफळ-वेलदोड्याची पूड. गुजरात, महाराष्ट्र, उत्तर भारत, हैदराबादचा परिसर आणि पाकिस्तान येथे ती सर्वत्र मिळते. महाराष्ट्रात ती बेकरीच्या काचेच्या बरणीत वर्षभर दिसत असली, तरी दिवाळीच्या फराळातही तिला कायमची जागा आहे. फराळाचे बाकीचे पदार्थ घरच्या चुलीवर होत, नानकटाई मात्र गावच्या भट्टीवर होई. घरचे साहित्य आणि बेकरीची आच यांच्या मेळातून ती तयार झाली, आणि तिची चव समजून घ्यायची तर आधी ही भट्टी समजून घ्यावी लागते.

नाव : फार्सीत ‘नान’ म्हणजे भाकरी वा रोटी. ‘खताई’ या शब्दाचा सर्वपरिचित अर्थ ‘खता येथील’ असा असून मध्य आशियात व इराणात उत्तर चीनला ‘खता’ म्हणत. त्यावरून ‘नान-ए-खताई’, त्याचे हिंदी-उर्दूत ‘नानखताई’ आणि मराठीच्या तोंडी ‘नानखटाई’ व ‘नानकटाई’ झाले. ‘खट’ म्हणजे सहा आणि सहा जिनसांची म्हणून खटाई, अशीही एक लोकप्रिय उपपत्ती सांगतात. आंबट या अर्थाच्या ‘खटाई’शी आजच्या पदार्थाचा काहीच संबंध नाही, त्यात आंबट असे काही नसते.

सुरतेची परंपरा : नानकटाईच्या जन्माची सर्वांत प्रसिद्ध हकिकत सुरतेची आहे. सतराव्या शतकात या बंदरात डचांची वखार होती. डचांसाठी पाव भाजणारी बेकरी पुढे तेथेच काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, असे सुरतेत परंपरेने सांगतात. १८२४च्या इंग्रज-डच तहाने डचांनी भारतातील आपली ठाणी इंग्रजांना देऊन टाकली आणि पावाचे गिऱ्हाईक आटले. पाव ताडीने आंबवलेला असल्याने तो लवकर नासत नसे, नुसता वाळत असे. हा वाळका पाव पचायला हलका म्हणून लोक मुद्दाम मागू लागले, तेव्हा दोटीवालांनी पाव वाळवूनच विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे तूप-साखरेचे बिस्किट आले आणि कालांतराने त्यातून अंडी व ताडी गळाली, अशी ही हकिकत आहे. शाकाहारी गुजराती घरांत ते बिस्किट शिरले ते या बदलामुळे. दोटीवाला घराण्याची बेकरी सुरतेत आजही आहे. सुरतेहून मुंबईस आणि तेथून महाराष्ट्रभर या बिस्किटाचा प्रवास व्यापारी, पारशी आणि इराणी बेकरीवाले यांच्याबरोबर सहज झाला.

उतरती भट्टी : जुन्या बेकरीतील भट्टी विटांची, जाड भिंतींची आणि घुमटाकार छताची असते. लाकडे जळून भिंती एकदा तापल्या, की जाळ शमल्यावरही ती कित्येक तास ऊब धरून राहते. बेकरीचे दिवसाचे काम याच उतरत्या आचेवर आखलेले असते. आच कडक असताना पहाटे पाव भाजून निघतो. ती जराशी उतरली की बिस्किटे आणि नानकटाईचे पत्रे आत सरकतात. अगदी मंद झाल्यावर टोस्ट वाळत पडतात. पावाला सुमारे २२० ते २५० अंश सेल्सिअस उष्णता मानवते, तर नानकटाईला १६० ते १८० अंश पुरतात. म्हणजे नानकटाई ही भट्टीच्या दुसऱ्या प्रहराची मानकरी. विटांच्या भिंतींची सौम्य ऊब तिला चहूबाजूंनी मिळते. त्यामुळे ती खालून न करपता आतपर्यंत कोरडी भाजली जाते आणि वरून फिकट राहते. ‘बेकरीसारखी होत नाही’ ही घरोघरची तक्रार बहुतेक वेळा साहित्याची नसून या आचेची असते.

पाडून आणणे : घरात ओव्हन नव्हते त्या काळी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नानकटाई ‘पाडून आणण्याची’ रीत महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत रूढ होती, काही ठिकाणी ती अजून आहे. रवा, मैदा, साखर आणि तूप वजन करून घरून न्यायचे. मळणे, पाडणे आणि भाजणे बेकरीवाल्याने करायचे. किलोमागे भाजणावळ द्यायची. गर्दीच्या दिवसांत नंबर लागे. आपले तूप आपल्याच नानकटाईत पडते आहे ना, हे पाहण्यासाठी घरचे कुणीतरी तेथेच थांबे. कारागीर लांबोळ्या टेबलावर पीठ तळहाताच्या टाचेने पुढे रगडत नेई, मग लिंबाएवढे गोळे भराभर तोडून काळ्या पत्र्यावर ओळीने मांडी. प्रत्येकावर अंगठ्याने हलकासा दाब आणि त्या खळग्यात चारोळीचा एक दाणा. लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा भट्टीत जाई आणि थोड्याच वेळात तूप-वेलदोड्याचा वास रस्त्यापर्यंत येई. गरम नानकटाई हातात धरवत नाही इतकी मऊ असते. म्हणून पत्रे थंड होईपर्यंत थांबूनच डबे भरले जात. पत्र्याचा तो जड डबा घरी आला, की फराळाला खरी सुरुवात झाली असे पोरांना वाटे.

साहित्य व त्याचे कार्य : नानकटाईचा खुसखुशीतपणा पाणी न घातल्याने येतो. मैद्यातील प्रथिनांना पाणी मिळाले आणि वर मळणे झाले, की चिवट ग्लुटेन तयार होते. पोळीला ते हवे असते, नानकटाईला नको असते. येथे तूप पिठाच्या कणाकणावर चढते आणि हे ग्लुटेन बांधलेच जात नाही. बेसन आणि बारीक रवा याच कामात हातभार लावतात. बेसनात ग्लुटेन नसते आणि ते खमंगपणाही देते. रव्यामुळे दाताखाली किंचित कण लागतो.

तूप थिजलेले, पण बोट सहज रुतेल असे मऊ हवे. ते साखरेबरोबर फेसताना साखरेच्या कणांमुळे त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. हेच बुडबुडे भाजताना फुगून बिस्किट हलके करतात. वितळलेल्या तुपात हवा टिकत नाही, म्हणून तशी नानकटाई पसरते आणि चपटी होते. खाण्याचा सोडा पीठ फुलवतो आणि वरचा पापुद्रा तडकायला मदत करतो. गोळ्याचा पृष्ठभाग आधी सुकून घट्ट होतो, आतला भाग मात्र अजून फुलत-पसरत असतो. त्या ताणाने तडे जातात. बेकरीत सोड्याबरोबर किंवा त्याऐवजी ‘अमोनिया’, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, वापरतात. उष्णतेने त्याचे पूर्णपणे वायू आणि वाफ होते. कोरड्या, लहान बिस्किटातून हा वायू निघून जातो. ओलसर केकमध्ये मात्र त्याचा उग्र दर्प अडकून राहतो, म्हणून तेथे तो वापरत नाहीत.

वनस्पती तूप : बेकरीच्या नानकटाईचे रूप विसाव्या शतकात वनस्पती तुपाने बदलले. शिवडीत वनस्पती तुपाचा कारखाना १९३२ मध्ये निघाला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. स्वस्त, टिकाऊ आणि उन्हाळ्यातही घट्ट राहणारे हे तूप बेकरीवाल्यांना सोयीचे पडले. नानकटाई पांढरीशुभ्र आणि सर्वांच्या आवाक्यातली झाली. त्याची किंमत चवीने आणि पुढे आरोग्याने मोजली. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया अर्धवट झाली, की त्यात ट्रान्स मेद तयार होतात आणि ते हृदयाला अपायकारक असतात. तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदांची मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली.

घरगुती कृती : मैदा २५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप २०० ग्रॅम, पिठीसाखर १६० ग्रॅम, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, एक चमचा वेलदोड्याची पूड आणि थोडे किसलेले जायफळ. एवढ्यात साधारण २५ ते २८ नानकटाया होतात.

तूप व साखर परातीत घेऊन तळहाताने आठ-दहा मिनिटे फेसावे. पिवळसर रंग जाऊन मिश्रण पांढरे आणि हलके झाले पाहिजे. मैदा, बेसन, रवा, सोडा व मीठ एकत्र चाळून त्यात वेलदोडा-जायफळ घालावे. हे पीठ थोडे थोडे मिसळत बोटांनी गोळा जमवावा, मळू नये. गोळा फुटत असेल तर पाणी किंवा दूध घालण्याऐवजी एखादा चमचा तूप वाढवावे. अर्धा तास झाकून ठेवून लिंबाएवढे गोळे वळावेत, किंचित दाबावेत आणि मध्ये दोन बोटांचे अंतर ठेवून मांडावेत. १७० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये १५ ते १८ मिनिटे भाजावे. कड आणि तळ हलका सोनेरी दिसला की ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवावे आणि पत्रा पाच मिनिटे आतच राहू द्यावा. उतरत्या भट्टीची ही घरगुती नक्कल होय. तिने मधला ओलसरपणा निघून जातो.

ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी आणि झाकण लावून कढई दहा मिनिटे तापवावी. मग मंद आचेवर ताटली ठेवून २० ते २५ मिनिटे भाजावे. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून वर-खाली आच देण्याची जुनी पद्धतही याच तत्त्वावर चालते. नानकटाई गरम असताना मऊच लागते. कच्ची समजून ती पुन्हा भाजली, तर गार झाल्यावर दगडासारखी होते. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास ती दोन-तीन आठवडे चांगली राहते.

पारख : चांगली नानकटाई वरून फिकट, खालून सोनेरी असते आणि तडे मधून कडेकडे जातात. दोन बोटांत दाबली की ती कडकन न मोडता भुगभुगीत फुटते. तोंडात घातल्यावर चावण्याआधीच तिचे कण सुटू लागतात. तुपाची असेल तर मागे काही उरत नाही. वनस्पतीची असेल तर टाळूवर तेलकट थर जाणवतो, कारण त्यातला काही भाग तोंडाच्या उष्णतेला पुरता वितळत नाही. तळ काळसर आणि मध्य पांढरा असेल तर आच एकाच बाजूने लागली असे समजावे. बेकरी शोधताना पाटीपेक्षा वेळ पाहावी : पावाचा घाणा निघाल्यानंतर, सकाळी उशिरा, त्याच दिवशीची नानकटाई जेथे पत्र्यावर गार होत असते ती बेकरी खरी.

प्रकार व नातलग : जुन्या दिल्लीत हातगाडीवर लोखंडी थाळ्याच्या वर-खाली निखारे ठेवून बेसनाची नानखताई भाजतात आणि गरमच विकतात. लाहोरच्या मोची दरवाजाची बदामी खताई प्रसिद्ध आहे. म्यानमारमध्ये भारतीयांबरोबर गेलेले हे बिस्किट तिथल्या भाषेत थोड्या बदललेल्या नावाने रुळले, तर दक्षिण आफ्रिकेतील भारतीय घरांत ते ईद आणि दिवाळी या दोन्ही सणांना होते. इराणातले हरभऱ्याच्या पिठाचे ‘नान-ए-नखोदची’ आणि अरब देशांतील ‘घुरैबा’ ही तिची जवळची भावंडे. गोव्यात नाताळाला होणारी ‘बोलिन्हा’ रवा, ओले खोबरे आणि अंडे यांची असल्याने घटक वेगळे, पण रव्याचा तो भुगभुगीतपणा ओळखीचा वाटतो. पुण्याच्या ईस्ट स्ट्रीटवरील कयानी बेकरीमुळे (स्थापना १९५५) गाजलेले श्रूजबेरी बिस्किट इंग्लंडमधील गावाचे नाव लावते आणि त्यात तुपाची जागा लोण्याने घेतलेली असते.

सद्यःस्थिती : लाकडाच्या धुरामुळे होणारे प्रदूषण लक्षात घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. भट्टीशेजारी दिवसभर उभे राहणाऱ्या कारागिरांच्या आणि आसपासच्या वस्तीच्या छातीसाठी हा बदल हितकारक आहे. नानकटाईला लाकूड लागतेच असेही नाही. तिला हवी असते हळूहळू उतरणारी, चहूबाजूंची ऊब, आणि ती जाड भिंतींच्या गॅसच्या भट्टीतही मिळते. जपायला हवी ती आचेची ही जाण, आणि घरून नेलेले तूप गावच्या भट्टीवर विश्वासाने सोपवण्याची रीत. दिवाळीच्या आधी ज्या बेकरीत अजून भाजणावळीवर नानकटाई पाडून मिळते, तेथे एक डबा घेऊन जरूर जावे.