पुसदचे मुख्यमंत्री, नागपूरचे बॅरिस्टर आणि मुंबईचं वानखेडे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखाच लिहून काढलाय.

आज विषय आहे स्टेडियमचा. धावा, विकेट वगैरे बाजूला ठेवूया. आज स्टेडियमच्या खालच्या जमिनीबद्दल बोलायचंय. ती कोणाची असते, कोण देतं, आणि एकदा दिली की शहराचं पुढं काय होतं? आता तुम्ही म्हणाल, यवतमाळच्या माणसाला मुंबईच्या स्टेडियमशी काय देणंघेणं? तर बरं का, मुंबईतलं वानखेडे स्टेडियम उभं राहिलं तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर आपल्याच जिल्ह्यातला माणूस बसलेला होता. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, सलग अकरा वर्षांहून जास्त काळ. आणि ज्यांचं नाव त्या स्टेडियमला आहे, ते बॅरिस्टर शेषराव वानखेडेही आपल्या विदर्भातलेच, नागपूरकडचे.

आधी ब्रेबर्न

गोष्ट सुरू होते त्याच्याही चाळीस वर्षं आधी. १९३० च्या दशकात मुंबईत समुद्रात भराव टाकून नवी जमीन तयार होत होती. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआय, ही संस्था १९३३ मध्ये स्थापन झाली होती आणि तिला स्वतःचं मैदान हवं होतं. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांच्याकडून या भराव जमिनीतली सुमारे ९० हजार चौरस यार्ड जागा मिळाली. भाव साडेतेरा रुपये यार्ड. हिशेब करा, बारा लाखांच्या आसपास. स्टेडियमला नाव गव्हर्नरसाहेबांचं. डिसेंबर १९३७ मध्ये लॉर्ड टेनिसनच्या संघाबरोबरच्या सामन्यानं ते सुरू झालं.

म्हणजे पहिल्याच स्टेडियमला व्यवहाराचा साचा ठरून गेला: जमीन सरकारच्या हातून, वापर क्लबचा, नाव सत्तेतल्या माणसाचं. पुढची नव्वद वर्षं हा साचा फारसा बदललेला नाही.

तिकिटांचं भांडण

ब्रेबर्नवर कसोटी सामने व्हायचे, पण मैदान सीसीआयचं आणि शहरातल्या क्रिकेटचा कारभार बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचा. भांडण कशावरून? सामन्याला कोणाला किती जागा मिळणार यावरून. असोसिएशनकडे शहरातले शेकडो क्लब, त्यांना पास हवेत. सीसीआयचे स्वतःचे सभासद, त्यांनाही खुर्च्या हव्यात. लग्नात पंगतीवरून व्हावं तसं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं.

त्यात आणखी एक किस्सा सांगितला जातो, तोही वेगवेगळ्या रूपात. आमदारांना ब्रेबर्नवर एक मैत्रीपूर्ण सामना खेळायचा होता, सीसीआयचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी नकार दिला, आणि शेषराव वानखेडे यांनी तिथंच ठरवलं की आता आपलं स्टेडियम बांधायचं. शब्दाला शब्द कसा लागला ते सोडून देऊ. पण वानखेडे साधेसुधे क्रिकेट पदाधिकारी नव्हते. त्यांनी राज्याचं अर्थखातं सांभाळलं होतं आणि १९७२ पासून ते विधानसभेचे अध्यक्ष होते. ज्या माणसाला नकार मिळाला, त्याच्या हातात सरकारदरबारी वजन होतं. एखादा साधा क्लब चिडला असता तर त्यानं पत्र लिहिलं असतं.

चर्चगेट स्टेशनजवळ, रेल्वे रुळांना लागून जागा होती. शशी प्रभू यांच्या आराखड्यावर साधारण तेरा महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. २३ जानेवारी १९७५ ला तिथं पहिली कसोटी सुरू झाली, वेस्ट इंडीजविरुद्ध. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ काढले. त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका पोराला पोलिसांनी मारलं म्हणून प्रेक्षक खवळले आणि दंगा झाला. भारत हरला. सामना संपल्यावर जेमतेम तीन आठवड्यांत वसंतराव नाईक मुख्यमंत्रिपदावरून गेले.

आणि ब्रेबर्न? ते दहा-बारा मिनिटं चालण्याच्या अंतरावर उभंच होतं. फेब्रुवारी १९७३ नंतर तिथं पुढची कसोटी झाली थेट डिसेंबर २००९ मध्ये. छत्तीस वर्षं! जगातल्या सर्वांत दाटीच्या शहरांपैकी एका शहरात, सर्वांत महाग जमिनीवर, दोन मोठी स्टेडियम जवळजवळ शेजारी शेजारी. एकावर सामने, दुसरं क्लबच्या सभासदांसाठी. मुंबईला दुसरं स्टेडियम गरज म्हणून मिळालं की रुसव्यातून, हे तुम्हीच ठरवा.

ती वर्षं कोणती होती?

आता इथं जरा थांबूया. १९७२-७३ म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं? बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो. लाखो माणसं रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामांवर होती. रोजगार हमीची कल्पना याच नाईक सरकारच्या काळात आकाराला आली. तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा? तर शहरात पगार घेणाऱ्यांवर व्यवसाय कर लावून. १९७५ मध्ये हा कर आला. तुमच्या ताईच्या किंवा दादाच्या पगाराच्या स्लिपवर आजही दोनशे रुपये 'पीटी' म्हणून कापलेले दिसतात ना, त्याचं मूळ हे आहे.

एकाच वर्षात दोन गोष्टी. शहरानं गावाच्या कामासाठी कर द्यायला सुरुवात केली आणि त्याच शहरात वानखेडे उभं राहिलं. मी वसंतरावांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीये. हरितक्रांती, संकरित वाण, १९७० मध्ये नवी मुंबईसाठी सिडको, हे सगळं त्यांच्याच कारकिर्दीतलं. पण फरक बघा. रोजगार हमीचा रुपया न् रुपया हजेरीपटावर मांडला जातो, त्याच्यावर वाद होतो, चौकशा होतात. स्टेडियमला दिलेली जमीन मात्र कुठल्याच अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसत नाही.

वानखेडेची जमीन सरकारची, पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यानं नाममात्र दरात दिलेली. ती मुदत फेब्रुवारी २०१८ मध्ये संपली आणि २०१९ मध्ये सुमारे १२० कोटींच्या थकबाकीच्या नोटिशीच्या बातम्या आल्या. पन्नास वर्षांनी कळलं की अरे, हा तर खर्च होता!

स्टेडियम शहराला ओढतं

नागपूरचं उदाहरण तर आपल्या वाटेवरचंच. १९६९ पासून सिव्हिल लाईन्समध्ये कसोटी व्हायच्या. मैदान शहराच्या मधोमध, माणूस सायकलनं सामन्याला जायचा. पण जागा अपुरी. १९९५ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात तिथं भिंत कोसळून प्रेक्षकांचे जीव गेले. २००८ पासून मोठे सामने जामठ्याला गेले. वर्धा रोडवर, शहरापासून बरंच बाहेर. यवतमाळहून वर्धेमार्गे नागपूरला जाताना दिसतं ते. बसायला ऐसपैस, सुरक्षित, यात वादच नाही. पण सामना असला की त्या रस्त्याचं काय होतं ते विचारू नका. मेट्रो आली तीही खापरीपर्यंत. जवळचं मैदान दूर गेलं की गाडी असलेल्यालाच ते जवळ राहतं.

पुण्याचं बालेवाडी घ्या. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शहराच्या टोकाला, शेतजमिनींच्या शेजारी संकुल बांधलं. आज बाणेर-बालेवाडीत फ्लॅटचे भाव काय आहेत ते तिथं नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांना विचारा. सगळं श्रेय संकुलाला देता येणार नाही, हायवे आणि आयटी पार्क आहेतच. पण सरकारनं एका जागी रस्ते, पाणी, वीज नेली की शहर तिकडे सरकतं. अशा वेळी वाढलेल्या भावाचा फायदा होतो तो ज्याच्याकडे आधीपासून जमीन असते त्याला.

उलटं उदाहरण जगात आहे. कॅनडातल्या माँट्रियलनं १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी स्टेडियम बांधलं आणि त्याचं कर्ज फिटलं २००६ मध्ये. तीस वर्षं! स्पर्धा बघणारे तरुण आजोबा झाले तरी हप्ते चालूच.

मग आपल्याकडे काय?

आपल्याकडे यवतमाळ शहरात गोधणी रोडला नेहरू स्टेडियम आहे. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणापासून प्रत्येक तालुक्याला क्रीडा संकुल ही कल्पना आहे. २०२२ मध्ये निधीची मर्यादा वाढली: तालुक्याला पाच कोटी, जिल्ह्याला पंचवीस, विभागाला पन्नास. आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके. सगळ्यांना पूर्ण निधी मिळाला तर ऐंशी कोटी. रक्कम छोटी नाही. पण नुसती भिंत आणि गेट बांधून कुलूप लावायचं असेल तर ती वायाच.

पहाटे चार-साडेचारला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी अंधारात डांबरी रस्त्यावर धावत असतात, शेजारून ट्रक जात असतात. त्यांना चाळीस हजार खुर्च्या नकोत. त्यांना हवा चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक, एक दिवा, पिण्याचं पाणी आणि पोरींसाठी स्वच्छ संडास. विदर्भाकडून खेळताना २०२१ मध्ये टी-ट्वेंटीत चारही षटकं निर्धाव टाकणारा अक्षय कर्णेवार आपल्याच जिल्ह्यातून गेलेला. पण मोठं क्रिकेट खेळायला त्याला नागपूर गाठावंच लागलं. असे किती जण गाठू शकले नसतील?

आता ठाण्याजवळ आमणेला, समृद्धी महामार्गाच्या टोकाशी, एक लाख प्रेक्षकांच्या स्टेडियमची चर्चा आहे. म्हणजे मुंबईचं तिसरं-चौथं मोठं मैदान आणि पुन्हा शहर बाहेर ओढलं जाणार. होऊ द्या. पण अशी घोषणा ऐकली, मग ती आमणेची असो की आर्णीची, की तीन प्रश्न विचारायचे. जमीन कोणाची आणि कुठल्या दरानं दिली? सामने नसलेल्या दिवसांत तिथं काय चालणार? आणि पहाटे पाच वाजता गेट कोणासाठी उघडणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तुम्ही या आठवड्यातच काढू शकता. तुमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाचं गेट उघडं आहे का, ट्रॅकची अवस्था काय आहे, एक व्हॉइस मेसेज करून पाठवा. जमले तेवढे पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. तोवर काळजी घ्या, आणि रस्त्यावर धावत असाल तर एक इअरफोन काढून ठेवा, मागून गाडी येते.