इंद्रायणीत आधी काय बुडालं?

तुकोबारायांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तरल्या, ही कथा तुम्ही शंभरदा ऐकली असेल. पण माउली, त्याच इंद्रायणीत त्याआधी काही कागद बुडाले होते. ते मात्र पुन्हा वर आले नाहीत.

देहूचं हे घर खाऊनपिऊन सुखी. महाजनकी होती, दुकान होतं, जोडीला सावकारी. इ.स. १६३० साली पाऊस गेला आणि दुष्काळानं दख्खन होरपळला. तुकोबांची थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, लेकरू संतू गेलं, व्यापार बसला. अशा वेळी घरात उरलं काय? लोकांकडून येणं असलेल्या पैशाची खतं. बुडत्या संसाराला तेवढाच आधार! वसुली केली असती तर पंचांनी बोल लावला नसता. ज्याचं त्यानं मागितलं, त्यात पाप कसलं?

पण भामनाथाच्या डोंगरावरून परतल्यावर, विठ्ठलाचं पडकं देऊळ उभं करण्याआधी, तुकोबांनी ही खतं बाहेर काढली. आधी देऊळ नाही बरं का, आधी खतं! ज्या कुळाच्या घरात दाणा नाही, त्याच्या दारात तगादा लावायचा आणि संध्याकाळी टाळ घ्यायचा, हे त्यांच्या मनाला पटेना.

आता पुढचं नीट ऐका, कारण कीर्तनात आम्ही बुवा लोक हे घाईत सांगून टाकतो. महिपतीबुवा ताहराबादकर सांगतात, धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही विरक्त झालात, मला लेकरंबाळं पोसायची आहेत. तुकोबा त्याच्यावर रागावले नाहीत. उपदेशही केला नाही. खतांचे दोन वाटे केले, अर्धी कान्होबाच्या हातात दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. मला विचाराल तर, बुडवण्यापेक्षा हे वाटणं अवघड. आपल्याला दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करायची भारी हौस! तुकोबांनी त्याग केला तो फक्त स्वतःच्या हिश्श्याचा.

त्या दिवशी किती कुळं मोकळी झाली, त्यांची नावं काय, कुणी लिहून ठेवलं नाही. लिहिलेलं होतं तेच तर बुडालं.

आणि कान्होबा? अर्धी खतं घेऊन वेगळा झालेला हाच भाऊ पुढं कीर्तनात मागं उभा राहिला. १६५० साली तुकोबा गेले, तेव्हा त्यानं विठ्ठलाशी भांडून, रडून अभंग केले. ते गाथेत आजही तुकोबांच्या अभंगांशेजारी छापलेले सापडतात.