फळमाशी : रानातील अंतःप्रजनन व गुणसूत्रभेद

जवळच्या नात्यातील नर-मादींच्या संकराला अंतःप्रजनन म्हणतात. रानातल्या फळमाश्या (ड्रॉसोफिला) दिसायला एकसारख्या असल्या, तरी त्यांच्या गुणसूत्रांत बरेच काही दडलेले असते. अप्रभावी जनुकाची जोडी जमल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून अभ्यासक नात्यातले संकर मुद्दाम घडवतात. रशियाच्या सर्गेई चेत्वेरिकोव यांनी काळ्या समुद्राकाठी गेलेंजिक येथे पकडलेल्या २३९ माद्यांच्या संततीत असे संकर केले, तेव्हा रानातील माश्यांत न दिसलेली अनेक उत्परिवर्तने पुढच्या पिढ्यांत उघड झाली.

थिओडोसियस डोबझान्स्की यांनी अमेरिकेत ड्रॉ. स्यूडोऑब्स्क्युरा ही जात निवडली. तिच्या कित्येक गुणसूत्रांच्या दोन सारख्या प्रती जमल्या की माशी जगतच नाही. एकाच ठिकाणच्या माश्यांतील घातक जनुके दूरच्या माश्यांतल्यांपेक्षा एकमेकांशी अधिक वेळा जुळतात. स्थानिक माश्यांत नाते किती दाट आहे, याचा अंदाज सीवॉल राइट व डोबझान्स्की यांनी त्यावरून बांधला.

याच जातीच्या तिसऱ्या गुणसूत्रात तुकडेच्या तुकडे उलटे बसलेले आढळतात. अळीच्या लाळग्रंथीतील जाड गुणसूत्रांवरच्या पट्ट्यांवरून ही व्युत्क्रमणे स्पष्ट ओळखता येतात. ‘स्टँडर्ड’, ‘ॲरोहेड’, ‘चिरिकाहुआ’ ही त्यांतल्या काही मांडण्यांची नावे. संकरित मादीत उलट्या तुकड्याची सुलट्याशी होणारी अदलाबदल जवळजवळ थांबते, त्यामुळे त्यातला जनुकसंच एकत्र टिकतो.

प्रारंभी डोबझान्स्की या मांडण्यांना नैसर्गिक निवडीच्या दृष्टीने निरर्थक समजत. कॅलिफोर्नियातील सॅन हसिंटो डोंगरावरच्या नोंदींनी त्यांचे मत पालटले, आणि या विषयातला खरा रस इथेच आहे. तिथल्या पिन्यन फ्लॅट्स येथे मार्चमध्ये ‘स्टँडर्ड’ निम्म्याच्या आसपास असे, जूनपर्यंत ते बरेच घटे व ‘चिरिकाहुआ’ वाढे. उन्हाळ्यात पुन्हा उलट घडे. दर वर्षी त्याच ऋतूत तोच चढउतार होत असेल, तर तो योगायोग म्हणता येत नाही. पिंजऱ्यातील प्रयोगांत २५° से. तापमानाला ‘स्टँडर्ड’ ७० टक्क्यांच्या आसपास स्थिरावले, १६° से.ला मात्र प्रमाण हलले नाही. दोन भिन्न मांडण्या एकत्र असलेल्या संकरित माश्या अधिक सुदृढ ठरल्यामुळे दोन्ही मांडण्या टिकून राहिल्या.

हा लाभ सरसकट नसतो. १९५० मध्ये डोबझान्स्की यांनी दाखवले, की त्याच दोन मांडण्या वेगवेगळ्या ठिकाणच्या माश्यांकडून आणून जुळवल्या, तर संकरितांचे श्रेष्ठत्व नाहीसे होते.